दोन ब्रेकची गाडी

९ फेब्रुवारी

अक्का,

नमस्कार. लोटांगणच घातलं असतं, पण मग उठवायला माणूस लागतो, आणि घरातली दोन्ही माणसं सध्या माझ्याशी धड बोलत नाहीत.

भिंगरी परत नापास झाली. तिसऱ्यांदा! एकतीस वर्षांत हजारभर लोकांना मी गाडी शिकवली. त्यात एक जण असा होता की त्याला डावं-उजवं कळत नव्हतं, तोही पास झाला. आणि माझीच लेक नापास. कुणी तोंडावर बोलत नाही, पण आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी वाचून लोक गालातल्या गालात हसतात असं मला वाटतं.

मला काही म्हणजे काही कळत नाही. मी शेजारी असलो की ही पोरगी अशी चालवते की मांडीवर बिनझाकणाची पाण्याची बाटली घेऊन बसावं. चौक आला की पांढऱ्या पट्टीच्या हातभर अलीकडे गाडी अलगद उभी. आठ महिने झाले, रोज सकाळी एक तास. ड्रायव्हिंगच्या शाळेची जुनी गाडी बाकी सगळ्यांना बंद करून मी फक्त तिच्यासाठी ठेवली. तुला आठवत असेल ती, दोन्हीकडे पॅडल असलेली. शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि माझ्या पायाशी एक. मी दाबला की तिच्याकडचाही खाली जातो. अडीअडचणीला असावा म्हणून असतो तो, मी काही वापरत नाही.

आणि परीक्षेला माझ्या जागेवर आरटीओचे साहेब बसले की हिच्यात दुसरीच कुणीतरी शिरते. गाडी तीच, रस्ता तोच. पहिल्या वेळी पट्टी ओलांडून गेली. दुसऱ्या वेळी समोर ठेवलेलं पिंप पाडलं. परवा तर साहेबांना स्वतः ब्रेक मारावा लागला. खाली उतरून मला म्हणतात, "मास्तर, मुलीला थांबायला शिकवलंच नाहीत का?" माझा चेहरा काय झाला असेल बघ.

तिकडे डोंगराकडच्या इस्पितळाने नोकरी राखून ठेवली आहे. घरोघर जाऊन पेशंट बघायचे, गाडी इस्पितळाची, चालवायची हिने. एकतीस मेपर्यंत लायसन्स दाखवलं नाही तर दुसरी नर्स घेणार. ती रडत नाही, नुसती खिडकीत बसते.

फोनवर हे मिनिटभरात झालं असतं. पण चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यावर बाईसाहेब आता रिसीव्हरला हात लावणार नाहीत, म्हणून हा कागद. काहीतरी सुचव.

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी अक्कल देते.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मला आमच्या एक्स्चेंजमधली एक मुलगी आठवली. हात इतका तयार की बोर्डाकडे न बघता वायर खोचायची. तिची बढती ठरली. बढती म्हणजे बदली, हे आलंच. झालं! त्या आठवड्यापासून बाई चुकीचे फोन जोडायला लागली. डॉक्टरांचा फोन लाकडाच्या वखारीत आणि वखारवाल्याचा बाळंतिणीच्या वॉर्डात. वखारवाला विचारतोय, "माल कधी उतरणार?" आणि तिकडून नर्स सांगतेय, "उतरला, मुलगी झाली." आम्ही हसून मेलो, पण बढती गेली. पुढे कधीतरी ती मला म्हणाली, "मला जायचंच नव्हतं हो. तोंडाने सांगता येईना."

भिंगरीचं तेच आहे, माझ्याकडून लिहून घे. तुझ्याबरोबर छान चालवते, मग परीक्षेतच बरी विसरते? पोरीला घर सोडवत नाहीये. तिलाही ते ठाऊक नसेल, पण तिचे हातपाय ते सांगतायत. चिडू नकोस तिच्यावर. जरा मायेने बोल.

वहिनीला सांग, लोणी कढवताना... जाऊ दे, ती मला विचारून काही करत नाही.

आशीर्वाद.
अक्का


२८ फेब्रुवारी

अक्का,

तुझ्या तोंडात साखर पडो. इतके दिवस डोक्याला भुंगा लागला होता, तो एका पत्रात गेला. खरं सांगतो, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

मी भिंगरीशी अगदी मायेने बोललो. म्हटलं, "बाळ, मला सगळं समजलंय. तुला जायचं नाही ना? त्यात लाजायचं काय?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाबा, काय बोलताय?" आणि उठून गेली. नजरेला नजर दिली नाही, म्हणजे तू म्हणतेस ते बरोबरच.

मग मी म्हटलं, पोरीला तोंड उघडायला जड जातंय, तर बाप कशाला आहे? इस्पितळाच्या मेट्रनबाईंना मीच पत्र लिहिलं. मुलीची यायची इच्छा नाही, संकोचामुळे सांगू शकत नाही, आपण दुसरी व्यवस्था करावी, वगैरे. चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. काल टाकलं. भिंगरीला अजून बोललो नाही, योग्य वेळ बघून सांगेन.

हिला सांगितलं तर ही म्हणाली, "विचारलंत तिला?" म्हटलं, बापाला विचारावं लागत नाही, कळतं. त्यावर तुझ्या भावजयीने माझ्याकडे असं पाहिलं की मी सदरा उलटा घातलाय की काय म्हणून तपासून बघितला. सरळ होता. तेव्हापासून ती भाजी चिरताना जास्तच जोरात चिरते.

मी चुकलो नाही ना गं?

धाकटा


२२ मार्च

धाकट्या,

भिंगरी माझ्याकडे आहे, हे तुला तिच्या आईकडून कळलंच असेल. तेरा तारखेला दुपारी दारात उभी राहिली, एक पिशवी घेऊन. सुखरूप आहे, जेवते आहे. तुझं नाव निघालं की भांडी आपटते.

मेट्रनबाईंचं उत्तर तिच्याच हातात पडलं, तुझ्या दुर्दैवाने. मला दाखवलं तिने. बाईंनी लिहिलंय, "तुमच्या वडिलांचं पत्र पोचलं. नोकरी वडिलांना देऊ केलेली नसल्याने त्यांचा नकार धरता येत नाही. तुमचं म्हणणं तुमच्या अक्षरात कळवा." ही बाई मला भेटायला हवी एकदा.

भिंगरीने त्याच दिवशी कळवलं. येणार म्हणून.

आता माझी चूक. तुला ते एक्स्चेंजचं पुराण सांगायची मला काय अवदसा आठवली होती कोण जाणे. पहिल्याच संध्याकाळी मी पोरीला विचारलं, "खरं सांग, मुद्दाम नापास होतेस?" ती म्हणाली, "आत्या, मी त्या नोकरीसाठी बोटांवर दिवस मोजतेय." जिच्याबद्दल आपण दोघांनी पत्रांची चळत लिहिली, तिला आधी कुणीच विचारलं नाही रे. तू नाहीस आणि शहाणी मी पण नाही.

इथे एक बाई गाडी शिकवतात. आधी शाळेची बस चालवायच्या. त्यांच्याही गाडीला दोन्हीकडे पॅडल आहेत, पण बाई चपला काढून सीटवर चक्क मांडी घालून बसतात. मोकळ्या मैदानात हं, रस्त्यावर नाही. पहिल्या दिवशी मी मागे बसले होते. बाई म्हणाल्या, "थांब." गाडी थांबेना. भिंगरीचा पाय ब्रेकवर होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, पण नुसता ठेवलेला. गाडी आपली हळूहळू जाऊन कुंपणाच्या खांबाला टेकली. खांब वाकला आणि मी जिवंतपणी पुढच्या सीटवर आले.

बाई म्हणाल्या, "अगं, दाबायचा असतो तो." तर भिंगरी गोंधळून म्हणते, "पाय ठेवला की तो आपला आपण खाली जातो ना?"

मला यातलं ओ की ठो कळलं नाही. तुझा धंदा आहे, तुला काही समजतंय का बघ. आणि इकडे येऊ नकोस. ती बोलावेल तेव्हा ये.

अक्का


३० मार्च

अक्का,

तुझं पत्र वाचून मी तडक फिटरकडे गेलो. म्हटलं, जुन्या गाडीचा ब्रेक ढिला आहे, पॅडल आपोआप खाली जातं, तपास. माझ्याशी वाद घालून उपयोग नाही हे त्याला वीस वर्षांत कळलंय, त्यामुळे तो मुकाट्याने खाली वाकला. ब्रेक बघितला. लायनर बघितले.

म्हणाला, "मास्तर, जरा इकडे या. दोन्ही पॅडलची रबरं मीच बसवली होती, एकाच दिवशी, गाडी पोरीसाठी ठेवलीत तेव्हा."

मी वाकून पाहिलं. भिंगरीच्या बाजूचं रबर कोरं करकरीत. खाचा, नक्षी, बनवणाऱ्याचं नाव, सगळं शाबूत. आणि माझ्या बाजूचं घासून गुळगुळीत झालेलं, मधोमध खालचा पत्रा दिसायला लागलेला. बुटाचा आकार उमटला होता त्यावर.

मी म्हटलं, "हे कसं शक्य आहे? मी तर पाय लावतच नाही." तो म्हणाला, "मग दुसरा कोण बसतो इथे?"

काखेत कळसा, आणि मी गावभर शोधत फिरतोय. गेले आठ महिने, अक्का, ती गाडी मी थांबवत होतो. पोरगी पाय ठेवायची आणि मी दाबायचो, आणि तिला वाटायचं ब्रेक असाच असतो, लोण्यासारखा. म्हणून ती माझ्याबरोबर चुकत नव्हती. ती चालवत होती तरी कुठे?

पण मला आठवत नाही गं! शपथेवर सांगतो, एकदाही दाबल्याचं आठवत नाही. दुसऱ्यांच्या पोरांना मी ओरडतो, घाबरवतो, पण ब्रेक मारत नाही. बाकीच्यांना शिकवतो ती नवी गाडी तपासली, तिथे माझ्या बाजूचं रबर धड आहे. म्हणजे हे फक्त हिच्यासाठी. मला न विचारता माझा पाय हे करत होता, आणि मी वर बसून तिला शाबासकी देत होतो.

घरी येऊन तुझ्या भावजयीला सांगितलं. मला वाटलं धक्का बसेल. ही म्हणाली, "तुम्ही जेवतानासुद्धा दाबता. ती पाणी ओतायला लागली की टेबलाखाली तुमचा पाय ताठ होतो. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." आता बोल! लग्नाला तीस वर्षं झाली, आणि ही बाब सांगण्यासारखी वाटली नाही तिला.

मेट्रनबाईंना दुसरं पत्र टाकलं. पहिलं रद्द समजावं, लिहिणाऱ्याला स्वतःचा पायही ठाऊक नव्हता, असं. भिंगरीला काय लिहू ते सुचत नाही. हे तिला वाचून दाखव. नाहीतर नको दाखवूस. नाही, दाखव.

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

वाचून दाखवलं. रबराच्या जागी आले तेव्हा ती हसली, अगदी मोठ्याने, आणि लगेच तोंड धुवायला गेली. बराच वेळ धूत होती. मी पुढचं वाचायचं थांबले होते.

गाडी आता मैदानातून रस्त्यावर आली आहे. थांबवते, पण असा दणका देऊन की माझी कवळी पुढे येते. बाई म्हणतात, येईल हळूहळू, पायाला अजून अंदाज नाही. परीक्षा चोवीसला. खाली तिनेच दोन ओळी लिहिल्यात.

अक्का

बाबा, आत्याने वाचलं, मी ऐकलं. पायाचं एक वेळ समजू शकते. पण मेट्रनना पत्र टाकलंत ते काही पायाने नाही टाकलंत. एकच विचारते, खरं सांगा. आठ महिन्यांत एकदा तरी तुम्हाला वाटलं होतं का, की मी थांबवेन?
भिंगरी


१५ एप्रिल

भिंगरे,

नाही. एकदाही नाही वाटलं.

तीन कागद फाडले तेव्हा हे एक वाक्य जमलं. पहिल्या कागदावर लिहिलं होतं की माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. ते वाचून मलाच हसू आलं.

तू वाईट चालवतेस असं मला कधी वाटलं नाही, हेही खरं आहे. दोन्ही खरं कसं असेल ते विचारू नकोस, मलाही कळलेलं नाही. दुसरा कुणी शिकाऊ असला की मला चौक दिसतो. तू असलीस की चौक दिसत नाही, तू दिसतेस. मग पुढचं मला काही आठवत नाही.

फिटर म्हणतो, "मास्तर, लायसन्स मिळालं तर पोरगी जाणार हे तुमच्या पायाला माहीत होतं." मी त्याला म्हटलं, तू नट घट्ट कर, माझ्या पायाचं बघू नकोस. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. तुझ्या आत्याने लिहिलं की तुला जायचं नाही, तेव्हा मी जेवढा खूश झालो तेवढं कुणी होऊ नये. तेव्हाच मला कळायला हवं होतं की जायचं नाहीये ते तुला नाही, मला पाठवायचं नाहीये. सकाळचा तो एक तास मला फार आवडायचा गं. आठ महिने नापास होत राहिलीस आणि मी दर वेळी "अरेरे" म्हणालो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली घेताना मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरं मागितलंस तू.

आता शिकवताना पाय सीटखाली दुमडून बसतो. सगळे विचारतात, मास्तर, पाय दुखतोय का. हो म्हणतो.

माफी मागतोय. नक्की कशाकशाची, ते नीट उमगलं की पुन्हा मागेन. चोवीसला काय होईल ते होवो. मी येणार नाही.

बाबा


२६ एप्रिल

धाकट्या,

पास!

एक दणका बसला, साहेबांचं पेन खाली पडलं, पण पट्टीच्या अलीकडे. बाई टाळ्या वाजवत होत्या. मी रडले, माझं काय, मी कशालाही रडते. दोन मेला ती इथूनच परस्पर डोंगराकडे जाणार आहे. तुझं पंधरा तारखेचं पत्र तिने माझ्या हातात दिलं नाही. स्वतःजवळ ठेवलंय, यातून काय समजायचं ते समज.

आणि परवा दुपारी तुझ्याकडे फोन वाजला, तू "हॅलो, हॅलो" करून थकलास आणि पलीकडून कुणी बोललं नाही, ती मी होते. म्हटलं एवढी गोड बातमी, पत्र कशाला. नंबर फिरवला आणि तोंडाला कुलूप लागलं. दुसऱ्यांना जोडून द्यायची सवय, स्वतः बोलायचं कधी शिकलेच नाही. हसू नकोस. पुन्हा करून बघणार आहे.

अक्का


१९ मे

अक्का,

हे इस्पितळाच्या कोऱ्या फॉर्मच्या मागे लिहितोय, गाडीत बसून. अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

भिंगरीने बोलावलं. चिठ्ठीत एवढंच होतं, "रविवारी या, फेरीला जाऊ. तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये, आधीच सांगते." मी आलो. रात्रभरच्या बसने, नेहमीसारखा टक्क जागा. एकतीस वर्षांत चालत्या गाडीत माझा डोळा मिटलेला नाही, कुणीही चालवत असो.

सकाळी निघालो. साधी पांढरी गाडी, माझ्या पायाशी नुसती मॅट. पहिल्याच उताराला समोरून ट्रक आला आणि माझा पाय त्या मॅटमध्ये रुतला. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, तिथे काही नाहीये."

"माहितेय."

"मग दाबताय काय?"

"मॅट सरळ करतोय."

तिने ब्रेक मारला. मी मारला असता त्याच्या बऱ्याच नंतर, अक्का. माझे दात वाजले. ट्रक गेला, ही गिअर टाकून पुढे निघाली. ट्रकवाल्याला हातसुद्धा दाखवला. मनात ठरवलं, आता हिच्या चुका मोजायच्या, संध्याकाळी एकदम सांगायच्या. एक मोजली. आरसा बघितला नाही. दुसरी मोजायला रस्त्याकडे नीट बघत होतो.

जाग आली तेव्हा गाडी एका झाडाखाली उभी होती. माझी सीट कुणीतरी मागे केलेली, काच दोन बोटं खाली, अंगावर हिचा स्वेटर. गाडीत मी एकटा. वाटलं, काहीतरी झालं. तेवढ्यात समोरच्या घरातून ही बॅग घेऊन आली. म्हटलं, पहिला पेशंट झाला वाटतं? म्हणाली, "तिसरा. घोरत होतात, म्हणून उठवलं नाही."

तीन घरं! म्हणजे गाडी तीनदा थांबली, दोनदा निघाली, एकदा तर अरुंद बोळातून रिव्हर्स घेतली म्हणे, आणि मला पत्ता नाही. मी जागा राहणार होतो गं. पक्कं ठरवलं होतं. मग हे कसं झालं? भीती तर होती, ट्रकच्या वेळी पाय मॅटमध्ये रुतला होता. त्याच भीतीत झोप लागली का? काही कळत नाही. लाज वाटतेय आणि अंग इतकं हलकं वाटतंय, जसं कुणी एकतीस वर्षांनी बूट काढून घेतलेत. ती चौथ्या घरात गेल्यावर थोडा रडलो. ते तुझ्यापुरतंच ठेव.

आता ती दारात आलीय. एका म्हातारबुवांच्या पायाची पट्टी बदलायची होती, ते काठी टेकत तिला सोडायला बाहेर आलेत, आणि ही त्यांना ओरडतेय की आत जा. पुढे दोन घरं राहिलीत आणि मोठा घाट आहे म्हणाली. या वेळी तरी जागा राहीन म्हणतो, पण खात्री देत नाही.

धाकटा